एका जागी बसत नाही, तर बसवायचं कशाला?

आलेलं पत्र:

“मावशी, माझा मुलगा २ वर्षं ४ महिन्यांचा आहे. सकाळी सहाला उठतो तेव्हापासून रात्री अकरापर्यंत नुसता पळतो. परवा तुरीच्या डाळीचा भरलेला डबा हॉलमधे ओतला आणि त्यात बसून राहिला. टीव्हीचा रिमोट बादलीत टाकला. बाल्कनीतून कपड्यांचे चिमटे खाली फेकतो. फ्लॅशकार्ड घेऊन बसवलं की दोन मिनिटात उठतो. समोरच्या फ्लॅटमधली मुलगी याच्यापेक्षा दोनच महिन्यांनी मोठी, ती ए टू झेड म्हणते, वीसपर्यंत काउंटिंग म्हणते. हा ‘जेसीबी आला’, ‘पानी दे’, ‘आजी चल’ असंच बोलतो. प्लेग्रुप बघायला गेलो तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, थोडा हायपर वाटतो, दाखवून घ्या. मोबाइल लावल्याशिवाय जेवत नाही. मिस्टर मिहानमधल्या कंपनीत शिफ्टला असतात, मी दुपारी घरूनच अकाउंट्सचं काम करते. सासूबाई वर्ध्याहून राहायला आल्या आहेत, त्या म्हणतात तुझ्यानं एक पोट्टं सांभाळणं होत नाही. मागच्या आठवड्यात मी त्याला मारलं आणि मग बाथरूममधे जाऊन रडली. माझं काय चुकून राहिलं?”
थकलेली आई, मनीषनगर, नागपूर

माझ्या मनीषनगरच्या लेकी,

तुझ्या पत्रातलं एक वाक्य तू घाईत लिहून पुढे गेली आणि मी तिथेच अडकली. डबा ओतला “आणि त्यात बसून राहिला”. किती वेळ बसला गं? ते तू लिहिलं नाही, पण मी २६ वर्षं बालवाडी चालवली आहे त्यामुळे अंदाज सांगते, तू येऊन ओरडेपर्यंत बसला असेल, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, मूठभर डाळ घ्यायची, बोटांच्या फटीतून सोडायची, परत घ्यायची, पायावर ओतायची, तो सरसर आवाज ऐकायचा. म्हणजे जे पोट्टं फ्लॅशकार्डपुढे दोन मिनिटं टिकत नाही तेच डाळीत पंधरा मिनिटं बसतं. मग एका जागी बसत नाही असं कसं म्हणायचं? हाताला काम असलं की बसतो. नुसतं बघायला आणि ऐकायला लावलं की उठतो, आणि या वयात त्यानं उठायलाच पाहिजे.

तुला वाटते तो त्रास देऊन राहिला. तो शिकून राहिला बाई. डाळ ओतताना त्याला कळतं की भरलेला डबा जड असतो आणि रिकामा हलका, की ओतलेली वस्तू पसरते आणि परत डब्यात भरायला फार वेळ लागतो, की दाणा चिमटीत पकडायला अंगठा आणि पहिलं बोट दोन्ही लागतात. हीच चिमूट उद्या पेन्सिल धरणार आहे. आपल्या मनगटात ८ छोटी हाडं असतात आणि या वयाच्या मुलाच्या हाताचा एक्स-रे काढला तर त्यातली दोन-तीनच दिसतात, बाकीची अजून कूर्चाच असतात. त्या मनगटाकडून आपण रेषेवर रेष गिरवून घ्यायची म्हणजे कच्च्या फांदीला झोका बांधल्यासारखं आहे. डाळ, कणकेचा गोळा, ओला कपडा पिळणं, बरबटीच्या (चवळीच्या) शेंगा मोडणं, हा त्याचा खरा अभ्यास. तेव्हा उद्या एक जुनी चादर अंथर, घमेल्यात अर्धा किलो कुठलीही मोठी डाळ दे, एक वाटी, एक चम्मच, एक रिकामा डबा दे आणि शेजारी तू तुझी भाजी निवडत बस. शेजारी बसायचं हे मात्र नक्की, कारण दाणा नाकात आणि कानात घालायचंही हेच वय आहे. झाल्यावर दोघांनी मिळून भरायचं, तो चार मुठी भरेल, बाकी तू भर, ओरडायचं नाही. पहिल्या दिवशी अर्धी डाळ सोफ्याखाली जाईल. आठव्या दिवशी बघ.

आता त्या समोरच्या मुलीबद्दल. ती गुणी लेकरू आहे, तिला काही म्हणायचं नाही, पण ए टू झेड म्हणणं आणि वीसपर्यंत म्हणणं हे या वयात गाण्यासारखं असतं, चाल पाठ झाली की येते. संख्या कळली की नाही हे वेगळ्याच जागी दिसते. “आजीला दोन पोळ्या नेऊन दे” म्हटलं आणि त्यानं दोनच नेल्या, की समज त्याला दोन कळले. आणि त्याचं बोलणं तू “असंच” म्हणून सोडून दिलं याचं मला वाईट वाटलं. “जेसीबी आला” हे पूर्ण वाक्य आहे गं, कर्ता आहे, क्रियापद आहे. दोन वर्षांच्या आसपास दोन शब्द जोडून बोलणं हीच बोलण्यातली मोठी पायरी असते आणि तो ती चढला आहे. आता एक कर, कान देऊन ऐक तो “मेट्रो आला” म्हणतो की “मेट्रो आली”. ज्या दिवशी “आली” म्हणेल त्या दिवशी त्यानं मराठीचं व्याकरण कोणी न शिकवता स्वतः उचललेलं असेल, आणि ते कार्डावरच्या अ‍ॅपलपेक्षा फार मोठं काम आहे. तू फक्त त्याचं वाक्य एक शब्द वाढवून परत दे. तो म्हणाला जेसीबी आला, तू म्हण “हो, पिवळा जेसीबी आला”. दुसऱ्या दिवशी “पिवळा जेसीबी माती उचलून राहिला”. कामं करता करता बोलत राहा, त्याचं तोंड सुटायला हे पुरतं.

हायपरची गोष्ट. पंधरा मिनिटं नवीन खोलीत आलेल्या मुलाला बघून असं म्हणणं मला पटलं नाही. ज्याला तू मनात घाबरून राहिली ते अतिचंचलतेचं, म्हणजे एडीएचडीचं, निदान साधारण ४ वर्षांच्या आधी डॉक्टरही सहसा करत नाहीत, कारण त्याआधी सगळीच निरोगी पोट्टी तशीच दिसतात. पण मी तुला काहीच नाही म्हणून टाळणार नाही, काय बघायचं ते नीट सांगते. नाव घेतलं की वळून बघतो का, विमान दिसलं की बोट दाखवून तुझ्याकडे बघतो का म्हणजे “तू पण बघ” असं, तुझं बघून खोटंखोटं फोनवर बोलणं, बाहुलीला भरवणं असं करतो का, आधी येत असलेले शब्द हरवले तर नाहीत ना, टीव्ही बंद असताना मागून हळू हाक मारली तर ऐकतो का. यातलं एकही खटकलं तर उद्याच बालरोगतज्ज्ञाकडे जा, वाट बघायची नाही, “बोलेल हळूहळू, त्याचे काका पण उशिरा बोलले” यावर बसायचं नाही. जवळच्या अंगणवाडीतही सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांची टीम वर्षातून दोनदा मुलं तपासायला येते, पैसे लागत नाहीत. पण “आजी चल” म्हणून आजीचा हात धरून नेणारं पोट्टं, हे वाचून मला तरी धीर येतो.

आणि आता ते, जे तू काळजी म्हणून लिहिलंच नाही आणि मला सगळ्यात जास्त खटकलं. सहाला उठतो, अकराला झोपतो. म्हणजे रात्रीची झोप ७ तास. दुपारी दोन तास झोपत असला तरी ९ झाले. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मधे लहान मुलांसाठी जे सांगितलं त्यात १ ते २ वर्षांच्या म्हणजे तिसरा वाढदिवस व्हायचा असलेल्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप पाहिजे असं आहे. तुझ्या लेकाची रोज दोन तास झोप कमी पडून राहिली. आणि मोठा माणूस कमी झोपला की सुस्त होतो पण लहान मूल उलटं होतं, जास्त पळतं, जास्त फेकतं, जास्त किंचाळतं, संध्याकाळी सहा-सातनंतर तर अंगात आल्यासारखं करतं, आणि आपण म्हणतो बाप्पा किती एनर्जी आहे याच्यात. ती एनर्जी नसते, थकवा असतो. मला वाटतं बाबांची शिफ्ट सुटून ते घरी येईपर्यंत त्याला जागं ठेवलं जात असेल, आणि ते आले की मग मस्ती, उचलून फेकणं, मोबाइल. बापाचा जीव तुटतो मला समजते. पण ते सकाळी करा. सहाला तो उठतोच आहे, तेव्हा आंघोळ बापानं घालायची, अर्धा तास बाप आणि लेक आणि बादली, आणि तू तोवर झोपून राहायचं, हो, झोपून, तुझीही झोप कमी आहे. रात्री एकदम नऊवर आणू नको, दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे सरकव. दिवा मंद, टीव्ही बंद, अंग पुसणं, एक गोष्ट, तीच गोष्ट, रोज तीच. दोन-तीन आठवड्यांनी मला परत पत्र लिही आणि सांग पोट्टं अजून तेवढंच हायपर आहे का.

पळण्याचं म्हणशील तर आरोग्य संघटनेच्या त्याच कागदात असंही आहे की या वयाला दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटं हालचाल पाहिजे. तीन तास! फ्लॅटमधे तीन तास पळायचं तर सोफ्यावरूनच पळणार ना. म्हणून बाहेर न्यायचं, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. उन्हाळ्यात आपल्या नागपुरात ४५ डिग्रीत हे शक्य नसतं, तेव्हा सकाळी आठच्या आत आटोपावं लागतं, पण आता पाऊस लागला आहे, हवा चांगली आहे, डबक्यात उड्या मारू दे. गमबूट नको, जुनी चप्पल चालते. घरी आल्यावर पाय धुवायचे, तेही त्यानंच, मग्गा त्याच्या हातात दे.

तू राहते ती जागा तर या वयासाठी सोनं आहे. मनीषनगरच्या लाइनवरून दिवसभर गाड्या जातात, सुरक्षित जागी लांब उभं राहून मालगाडीचे डबे मोजायचे, मोजता नाही आले तरी एक, अजून एक, अजून एक म्हणायचं. वर्धा रोडवर उज्ज्वलनगरला ये, खाली रस्ता, वर फ्लायओव्हर, त्याच्याही वर मेट्रो. वर, खाली, मधे हे शब्द मी बालवाडीत टेबल आणि खुर्ची वापरून आठवडाभर शिकवायची, तुझ्याकडे तीन मजली रस्ता आहे. एखाद्या दुपारी तिथून मेट्रोत बसून बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, जा, स्टेशनवर उतर, परत ये, खरेदी काही करू नको. त्याच्यासाठी तिकिटाचं गेट उघडणं, सरकता जिना, दार आपोआप लागणं हीच जत्रा आहे. रविवारी बाबांना सुट्टी असली की कडबी चौकाजवळचं नॅरोगेज रेल्वेचं म्युझियम, खरी जुनी इंजिनं उभी आहेत, मोकळी जागा आहे, किंवा महाराजबाग, पण सकाळी लवकर, आणि सगळे पिंजरे बघायचेच असं काही नाही. हरणापुढे वीस मिनिटं थांबला तर थांबू दे. आपल्याला वाटते पैसे देऊन आत आलो तर सगळं दाखवावं, पण त्याला एकच हरीण पुरते. मॉलमधे नेऊ नको म्हणणार नाही, पण तिथून परत येताना पोट्टी का रडतात हे कधी बघून घे, एवढा उजेड आणि आवाज त्यांना झेपतच नाही.

घरातलं काम द्यायचं हे मी वर म्हटलं, त्यावर अजून थोडं बोलते कारण माझा जीव याच्यात आहे.

माझ्या बालवाडीत एक मुलगा आला होता, अडीच वर्षांचा, फेकायचा. ठोकळे, चप्पल, डबा, जे हाताला लागेल ते. आमच्या मदतनीस बाई म्हणायच्या मॅडम याला बांधून ठेवावं लागते. एक दिवस पावसानं व्हरांडा ओला झाला होता, त्या पोछा मारून राहिल्या होत्या आणि हा बादलीजवळ जाऊन उभा राहिला. मी त्याला एक छोटं फडकं दिलं. त्यानं ते बादलीत बुडवलं, वर काढलं, पाणी टपटप गळताना बघत राहिला, मग दोन्ही हातांनी पिळायचा प्रयत्न केला, पिळणं काही जमेना, फडकं नुसतं दाबलं जायचं. जीभ दातात धरली होती. मी हातावर हात ठेवून एकदा फिरवून दाखवलं, एक हात इकडे, एक हात तिकडे. तो त्या दिवशी सुट्टी होईपर्यंत तेच करत राहिला, बुडव, पिळ, फरशी पुस, बुडव, पिळ. सदरा छातीपर्यंत ओला. त्याची आई घ्यायला आली तर तिला ओळखू येईना हेच आपलं पोट्टं का. फेकणं लगेच थांबलं नाही, पण त्यानंतर तो सकाळी आला की आधी फडकं मागायचा. जड उचलणं, ढकलणं, ओढणं, पिळणं याच्यानं अशी मुलं शांत होतात हे मी एकदा नाही, दर वर्षी बघितलं. म्हणून भाजीची पिशवी आणली की दोन आलू त्याच्या हातात दे, एकेक करून टोपलीत ठेवू दे. पाण्याची अर्धी भरलेली बाटली आजीला नेऊन द्यायला लाव. धुतलेले कपडे बादलीतून काढून तुला द्यायचं काम त्याचं. सांबार (कोथिंबीर) निवडताना काड्या त्याला मोडू दे. आणि ते चिमटे! बाल्कनीतून फेकतो कारण खाली पडताना बघायला मजा येते आणि आवाज उशिरा येतो, तोही त्याचा अभ्यासच आहे, पण खाली माणसं जातात, त्यामुळे ते बंदच. त्याऐवजी खुर्चीवर बसवून खाली रिकामी बादली ठेव, त्यात चिमटे टाकू दे, ठण्ण. ते झालं की घमेल्याच्या काठाला चिमटे लावायला शिकव, दोन बोटांनी दाबून. आधी जमणार नाही, चिडेल, तू लगेच हातातून घेऊ नको.

हे काही मी नवीन सांगत नाहीये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, विकतची महागडी साधनं खेड्यातल्या लेकरांना कुठून आणायची, तर दगड, शंख, बिया, पानं यांची साधनं केली, मूल बालवाडीत येत नाही तर बालवाडीच त्याच्या अंगणात नेली. त्यातूनच अंगणवाडी हा शब्द आला. तुझ्या स्वयंपाकघरात त्यांच्या त्या साधनांपेक्षा जास्त सामान आहे.

जेवणाचं सांगते. मोबाइल बघत जेवणारं मूल जेवत नसतं, तोंड उघडत असतं, पोट भरलं हे त्याला कळतच नाही. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची जी संघटना आहे ती २ वर्षांपर्यंत स्क्रीन अजिबात नको आणि २ ते ५ वर्षांना जास्तीत जास्त एक तास, तेही मोठ्यांसोबत, असं सांगते. तेव्हा जेवताना मोबाइल बंद, एकदम बंद, हळूहळू वगैरे नाही, याच्यात हळूहळू होत नाही. चार-पाच दिवस कमी खाईल. खाऊ दे कमी. पहिल्या वर्षात मुलं झपाट्यानं वाढतात, दुसऱ्या वर्षापासून वाढ मंदावते म्हणून भूकही कमी होते, आजीला वाटते उपाशी राहिला, तो उपाशी नसतो. दूध दिवसाला दोन कपांवर नको, नाहीतर भूक तिथेच मरते. ताटात काय वाढायचं आणि कधी वाढायचं हे तू ठरव, किती खायचं हे त्याला ठरवू दे. त्याच्या हाताने खाऊ दे, वरणभात केसात जाईल, खाली जुना पेपर अंथर. फुटाणे, अख्खे फल्लीदाणे (शेंगदाणे), अख्खी द्राक्षं मात्र या वयात द्यायची नाहीत, घशात अडकतात, आणि खाताना पळू द्यायचं नाही. पळायचं असेल तर ताट उचललं, पंधरा मिनिटांनी भूक लागली तर परत बस, भांडण न करता.

तुझं काम दुपारी असतं, त्या वेळी कधी अर्धा तास टीव्ही लागला तर स्वतःला खाऊ नको. जेवताना आणि झोपताना नको, बस.

मारलं ते. मारायला नको होतं, तुलाही माहीत आहे, म्हणूनच रडली. त्याच्याकडे जाऊन सांगितलं का? दोन वर्षांच्या मुलाला काय कळते म्हणून आपण सांगत नाही, पण कळते गं. “आईनं मारलं, दुखलं तुला, आई आता नाही मारणार” एवढं म्हण, मांडीवर घे. आणि पुढच्या वेळी राग चढला की त्याला आजीजवळ किंवा सुरक्षित जागी ठेवून दोन मिनिटं दुसऱ्या खोलीत जा, रडू दे त्याला दोन मिनिटं. स्वतःला आवरायची जी शक्ती लागते ती मेंदूच्या पुढच्या भागात असते आणि तो भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो, त्याच्याकडून आज ती मागायची नाही, आज ती तुझ्याकडेच आहे, म्हणून तर तुझी झोप आणि तुझं जेवण मला एवढं महत्त्वाचं वाटते. आणि दिवसभर “नको, नको, हात नको लावू” म्हटलं की त्या नकोची किंमत जाते. नको फक्त जिवाला धोका आहे तिथे ठेव, गॅस, बाल्कनी, रस्ता, प्लग. बाकी वस्तू उचलून वर ठेव. बाल्कनीतली स्टूल-कुंडी काढून टाक, चढायला काही राहू देऊ नको. बादलीत पाणी भरून ठेवायचं नाही, लहान मूल वीतभर पाण्यातही बुडते.

आणि कूलर. आपल्याकडे हा विषय निघाल्याशिवाय मी पत्र संपवत नाही. माझा स्वतःचा मुलगा दोन वर्षांचा असताना ओल्या पायानं कूलरची जाळी धरायला गेला, करंट उतरलेला होता, त्याला झटका बसून तो मागे फेकला गेला म्हणून वाचला. तो दिवस आठवला की आजही माझे हात थंड पडतात. तुझा कूलर अजून खिडकीत असेल तर आता प्लग काढ, टाकी रिकामी कर, कोरडी पुस, त्यात डेंग्यूचे डास होतात ते वेगळंच. पुढच्या उन्हाळ्यात लावायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग बघून घे आणि पाणी भरताना आधी प्लग काढ, रोज, एकही दिवस न विसरता.

सासूबाईंचं वाक्य मला लागलं तर तुला किती लागलं असेल. त्यांना उलट उत्तर देऊ नको आणि सहनही करत बसू नको, त्यांना काम दे. त्यांनी पोरं वाढवली तेव्हा वर्ध्याच्या घराला अंगण असेल, शेजारपाजार असेल, पोट्टं सकाळी बाहेर गेलं की दहा घरं फिरून जेवायला येत असेल. एकटी कोणीच सांभाळत नव्हती. हेच त्यांना सांग, प्रेमानं सांग, “आई, तुमच्या वेळी अंगण होतं, मला तुम्हीच अंगण व्हा”. संध्याकाळचे पाच ते सहा त्यांचे, खाली पार्किंगच्या बाजूला नाही, गार्डनमधे, आणि रात्रीची गोष्ट त्यांची. त्यांच्या बोलीत सांगू दे, जशी येते तशी, ‘काहून’ला ‘काहून’ म्हणू दे, शुद्ध करायला जाऊ नको. नातू “आजी चल” म्हणून हात धरतो ना, तो हात तुझ्यापेक्षा त्यांना जास्त समजावेल.

प्लेग्रुपची घाई नाही. नवीन शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, पहिलीला ६ वर्षं पूर्ण पाहिजेत आणि ३ ते ६ हा खेळातून शिकायचा काळ धरला आहे, तुझा लेक तर अजून तीनचाही नाही. टाकायचंच असेल तर जागा बघताना भिंतीवरची चित्रं बघू नको, माती आणि पाणी कुठे आहे ते विचार, मुलं दिवसातून किती वेळ बाहेर असतात ते विचार, आणि रडणाऱ्या मुलाला कोण उचलते ते स्वतः उभी राहून बघ. वही-पेन्सिल दाखवली की परत ये.

आणि आता पोळा येऊनच राहिला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा पोळा, भोसल्यांच्या काळापासून आपल्या नागपुरात चालत आलेला, चार-आठ दिवस आधीपासून महाल-इतवारीत रस्त्यावर लाकडी नंदी विकायला बसतात, खाली चाकं असलेले. त्याला सोबत ने, त्याच्या हातानं निवडू दे, छोटाच घे पण थोडा वजनदार घे, ओढायला जोर लागला पाहिजे. आदल्या संध्याकाळी आजी आणि नातवानं मिळून तो पुसायचा, शिंगांना बेगड लावायचा, गळ्यात माळ घालायची, रंग सांडला तर सांडू दे. आणि मग दोरी त्याच्या हातात देऊन घरोघरी जा, जिन्यावरून नंदी कसा उतरवायचा हे त्यालाच शोधू दे, तू फक्त दोन पायऱ्या खाली उभी राहा. समोरच्या फ्लॅटची बेल पहिले वाजवा, त्या मुलीलाही सोबत घ्या. बोजारा म्हणून जी नाणी मिळतील ती मात्र तुझ्या पर्समधे ठेव, तोंडात घालतो अजून.

तुझी,
मावशी